सोळा अँपिअरची पॉवर कॉर्ड: माझा अनुभव

"ही कॉर्ड किती अँपिअरची आहे?" एवढ्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर मिळवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. उत्तर कॉर्डवरच छापलेलं असतं. ते वाचून दाखवायला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस तयार नव्हता. त्याचा राग मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. बाहेरदेशाहून आलेला ॲम्प्लिफायर किंवा होम थिएटर ज्यांच्या घरात आहे त्यांना उपयोग होईल, आणि आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अशी घरं वाडीवाडीत आहेत.

माझा दादा बरीच वर्षं कुवेतला होता. कायमचा परत येताना त्याने सामान कार्गोने पाठवलं. त्यात एक मोठा स्टिरिओ पॉवर ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि स्पीकरची जोडी होती. त्याच्या मुंबईच्या घरात हे ठेवायला जागा नाही, म्हणून ते आमच्याकडे मालवण तालुक्यात आलं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नाट्यसंगीताचे दर्दी. आता नजर अधू झाल्यामुळे वाचन सुटलंय, दिवसाचा आधार गाणं. त्यामुळे हा संच नीट लागावा ही माझी मनापासूनची इच्छा होती.

सीडी प्लेअरचं काम बाजारात उभ्या उभ्या झालं. त्याच्या मागे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी खाच असते, तिला सी-७ नावाच्या टोकाची कॉर्ड लागते. ही जोडणी जास्तीत जास्त अडीच अँपिअरची. प्लेअर खातो वीस-पंचवीस वॉट, आणि मागे चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. दोन पिनांची साधी कॉर्ड आणली, विषय संपला.

ॲम्प्लिफायरची कॉर्ड मात्र प्रवासात स्पीकरच्या लोखंडी स्टँडखाली चिरडली होती. यंत्रात जाणाऱ्या टोकाजवळ वरचं काळं आवरण फाटून आतलं तांबं दिसत होतं. दुसऱ्या टोकाला कुवेतचा, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा, चपट्या तीन पिनांचा १३ अँपिअरचा टॉप, म्हणजे भिंतीत जाणारा प्लग. गावातल्या वायरमनने बघितलं आणि म्हणाला, "वैनी, फाटलेला कापूया, टेप मारूया नि आपलो टॉप लावया. काय एक होवचा नाय." माणूस चांगला, अडीनडीला रात्री धावून येणारा. पण फाटलेली कॉर्ड टेप मारून या यंत्राला लावायची मला मुळीच मान्य नव्हती, आणि खिशातून त्याने जो टॉप काढला तो ६ अँपिअरचा होता.

ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलंय: २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४०० वॉट. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १४०० भागिले २३० म्हणजे सहाच्या किंचित वर. म्हणजे आपल्या भिंतीवरच्या साध्या, पूर्वी पाच अँपिअरचा म्हणायचो त्या, सहाच्या पॉइंटला हे यंत्र चालवायचंच नाही. रोज घरात मध्यम आवाजात गाणं लावलं तर यंत्र त्याच्या निम्मंही खात नाही हे खरं, पण पॉइंट आणि कॉर्ड निवडायची ती पट्टीवरच्या आकड्याला धरून. शिवाय आत मोठा गोल ट्रान्सफॉर्मर आहे, तो बटण दाबलं की क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतो. यंत्र बनवणाऱ्याने मागची खाचही त्या हिशेबानेच दिली आहे. ती कॉम्प्युटरला असते तशी सी-१३ ची नाही. तिच्यात सी-१९ नावाची, आडव्या तीन चपट्या भोकांची जाड कॉर्ड लागते. सी-१३ ची मर्यादा १० अँपिअर, सी-१९ ची १६. कॉम्प्युटरची कॉर्ड तिथे जोर लावूनही बसत नाही, आणि बसू नये म्हणूनच आकार वेगळा ठेवलाय.

मालवणच्या बाजारात सी-१९ कुणाकडे नव्हती. जो तो कॉम्प्युटरची कॉर्ड पुढे करायचा. तेव्हा ठरवलं, कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरकडून अस्सल कॉर्ड घ्यावी. हे सेंटर कोल्हापूरला. इथून पुढे सगळं अडलं.

फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, तक्रार नोंदवा. मी म्हटलं, तक्रार नाही, एक सुटा भाग विकत हवाय. त्यांच्याकडे भाग विकत घेण्यासाठी वेगळा अर्ज नाही, तक्रारीचाच अर्ज भरायचा. अर्जात मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीची पावती आणि "दोष" असा रकाना. दोषाच्या यादीत आवाज येत नाही, एका बाजूने येतो, डिस्प्ले बंद, पॉवर येत नाही, एवढेच पर्याय. कॉर्ड हा शब्दच नाही. "पॉवर येत नाही" निवडलं, तर दुसऱ्या दिवशी उलट निरोप: संच घेऊन या, तपासणी शुल्क भरा.

हा संच चाळीस किलोच्या आसपास आहे. तो जीपमध्ये घालून फोंडा घाटातून वर न्यायचा, कशासाठी, तर त्याच्यापासून सहज सुटी होणारी एक वायर बदलायला! मी फोनवर हे समजावलं, ईमेलने मागच्या पट्टीचे, खाचेचे आणि फाटलेल्या कॉर्डचे फोटो पाठवले. उत्तर आलं ते तयार मजकुराचं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यानंतर शांतता. परत फोन केला की परत पहिल्यापासून सगळी कथा, कारण दर वेळी बोलणारं माणूस नवं.

शेवटी यांना सुट्टी होती त्या दिवशी आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. संच नेला नाही, फाटलेली कॉर्ड पिशवीत घालून नेली. काउंटरवरचा तरुण कॉर्ड हातातही घेईना. "मॅडम, हा गल्फचा सेट आहे. याचं आमच्याकडे काही नसतं." मी विचारलं, भाग मागवता येतो की नाही? "येतो, पण सेट बघितल्याशिवाय जॉब कार्ड बनत नाही, आणि जॉब कार्डाशिवाय पार्ट मागवता येत नाही." मी म्हटलं, भाऊ, कॉर्ड यंत्राचा भाग नाही, ती बाहेरून लागते. तुम्ही एवढंच सांगा, या मॉडेलला तुमची भारतातली कॉर्ड कुठली, किती अँपिअरची, तिचा टॉप कुठला? तो म्हणाला, "ओरिजिनलच वापरा. बाहेरची लावली तर आम्ही जबाबदार नाही." हेच वाक्य त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं. अँपिअरचा आकडा त्याच्या तोंडून निघाला नाही.

मी तिथून हलले नाही. बाकावर बसून राहिले आणि आतल्या साहेबांना भेटायचंय असं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर ते बाहेर आले. त्यांनी निदान ऐकून घेतलं, संच न आणता ऑर्डर घ्यायला कबूल झाले. आगाऊ पूर्ण रक्कम भरायला लागली. ऑर्डरच्या कागदावर मी माझ्या हाताने लिहिलं: भारतात वापरण्यासाठी, १६ अँपिअरचा भारतीय तीन पिन टॉप, अर्थिंगसह. त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घेतली. ही गोष्ट इथेच ठळक सांगते: असं काही मागवताना आपल्याला काय हवं ते त्यांच्या कागदावर आपल्या अक्षरात लिहा आणि प्रत घ्या. पुढे मला फक्त त्या कागदाने तारलं.

मग वाट बघणं. मृग लागला, आर्द्रा गेल्या. "पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे" एवढं एकच उत्तर. ॲम्प्लिफायर माजघरात चादरीखाली. आमची हवा खारी आणि ओली. एवढ्या दिवसांत पितळेच्या पिनांना हिरवट थर धरतो, मखमलीत ठेवलेल्या हार्मोनियमच्या पट्ट्याही फुगतात. बंद पडलेलं यंत्र कोकणात नुसतं ठेवलं की ते खराब होत राहतं, हे वर बसलेल्या माणसाला कसं सांगायचं? आबा रोज विचारायचे, आली काय गो कॉर्ड? त्यांना रोज नाही म्हणायचं माझ्या जिवावर यायचं.

एकदाचा निरोप आला. घाटात दरड आली होती, म्हणून गगनबावड्याकडून फिरून गेलो. त्या तरुणाने कंपनीच्या शिक्क्याची पिशवी काउंटरवर ठेवली. मी उघडली आणि पहिल्या नजरेतच कळलं. जाड काळी कॉर्ड, एका टोकाला बरोबर सी-१९, पण दुसऱ्या टोकाला युरोपातला गोल टॉप, ज्याला शुको म्हणतात. दोनच गोल पिना, आणि अर्थिंगसाठी टॉपच्या कडेला वर-खाली दोन पितळी पट्ट्या.

मी म्हटलं, हा आपला टॉप नव्हे. तो म्हणाला, "बसतो की मॅडम." आणि त्याने करून दाखवलं. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आधी तो जाईना, कारण आपल्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आत झडप असते आणि ती वरची अर्थिंगची जाड पिन आत शिरली तरच सरकते. तर या तरुणाने खिशातून बॉलपेन काढलं, त्याचं टोक वरच्या भोकात खुपसलं, झडप सरकवली आणि दुसऱ्या हाताने टॉप आत दाबला. "बघा. सगळे असंच वापरतात."

मी तो टॉप बोटाने हलवून दाखवला. पिना आपल्या भोकांपेक्षा थोड्या बारीक, त्यामुळे टॉप सैल डुलत होता. आणि कडेच्या अर्थिंगच्या पट्ट्या? युरोपातल्या सॉकेटला खोलगट वाटी असते, तिच्यात दोन स्प्रिंगच्या पट्ट्या असतात, त्या टॉपच्या पट्ट्यांना चिकटतात. आपल्या सपाट सॉकेटला तसं काहीच नाही. म्हणजे त्या पट्ट्या कशालाही लागत नाहीत, हवेत राहतात. कॉर्डमध्ये हिरवी-पिवळी अर्थिंगची तार आहे, पण ती भिंतीपर्यंत पोचतच नाही.

आणि या यंत्राला अर्थिंग हवंच. त्याचं सगळं कवच धातूचं, मागे दुहेरी चौकोनाचं चिन्ह नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं तर कवचात करंट उतरणार. अर्थिंग असेल तर त्या क्षणी मोठा करंट जमिनीत जाऊन एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. नसेल तर पुढचा जो माणूस हात लावेल त्याच्यातून जातो. आमच्याकडे पावसात लादीला पाणी सुटतं, माणसं अनवाणी वावरतात, आणि बटण दाबायला जाणार कोण, तर ऐंशी पार केलेले आबा. मी हे सगळं त्याला सांगितलं. आवाज चढला असेल माझा, चढायलाच हवा होता.

कॉर्डवर काय छापलंय ते मीच वाचलं. टॉपवर १६ ए, २५० व्ही. वायरवर एच०५व्हीव्ही-एफ ३जी१.५. शेवटच्या अक्षरांचा अर्थ: तीन तारा, त्यातली एक हिरवी-पिवळी अर्थिंगची, प्रत्येकी दीड चौरस मिलिमीटर. म्हणजे वायर बरोबर, यंत्राचं टोक बरोबर, फक्त भिंतीचं टोक दुसऱ्या खंडातलं. मग त्याने एक पांढरा ॲडॉप्टर काढला, "हा लावा, फ्री देतो." त्यावर १० ए लिहिलं होतं. सोळाच्या कॉर्डला दहाचा ॲडॉप्टर! आणि आत डोकावून बघितलं तर अर्थिंगच्या पट्ट्यांची जागा रिकामीच. परत घ्या म्हटलं, तर "ओरिजिनल पार्ट परत घेत नाही, पॉलिसी आहे."

मी ती कॉर्ड तिथेच पावती लिहून घेऊन परत केली आणि बाहेर येऊन १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. तक्रारीसोबत माझ्या अक्षरातल्या ऑर्डरची ती शिक्क्याची प्रत जोडली.

कॉर्ड मिळाली ती कुडाळात, आणि ऑडिओच्या दुकानात नव्हेच. बँका आणि कार्यालयांना मोठे यूपीएस पुरवणाऱ्या एका दुकानात. मोठ्या यूपीएसला आणि सर्व्हरला सी-१९ चीच कॉर्ड लागते हे माझ्या भाच्याने, जो कॉम्प्युटरच्या कामात आहे, त्याने सांगितलं. दुकानदाराने प्रश्न ऐकला आणि म्हणाला, "सोळाचो टॉप व्हयो मां? दीड स्क्वेअर?" आणि खिळ्यावरून काढून हातात दिली. इतक्या दिवसांत कुणी माझ्याशी अँपिअरमध्ये बोललं ते हे पहिल्यांदा. साचात ओतलेला भारतीय १६ अँपिअरचा तीन पिनांचा टॉप, त्यावर आयएसआय चिन्ह आणि टॉपच्या भारतीय मानकाचा क्रमांक आयएस १२९३, वायरवर वायरच्या मानकाचा आयएस ६९४ आणि ३ x १.५. चिन्हाखालचा परवाना क्रमांक मी तिथेच उभी राहून बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, खरा निघाला. किंमत सर्व्हिस सेंटरने घेतली त्याच्या निम्म्याहून कमी. मला त्या क्षणी एवढं मोकळं वाटलं की यांना तिथूनच फोन लावला.

वायरच्या जाडीचा हिशेब मी असा लक्षात ठेवलाय: पाऊण स्क्वेअरची, म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटरची, कॉर्ड सहा अँपिअरपर्यंत, एक स्क्वेअरची दहापर्यंत, दीडची सोळापर्यंत. दुकानात कॉर्ड जाड दिसते म्हणून घेऊ नका, काही कॉर्डांवर नुसतं रबर जाड असतं. छापलेलं वाचा. काहीच छापलेलं नसेल तर ती कॉर्ड नको.

ब्रिटिश टॉपचं एक सांगायला हवं, कारण आखाती देशातून येणारं बहुतेक सामान त्याच टॉपचं असतं. त्या टॉपच्या पोटात छोटा फ्यूज असतो, ३, ५ किंवा १३ अँपिअरचा. तिथे कॉर्डचं रक्षण हा फ्यूज करतो. आपल्या टॉपमध्ये फ्यूज नसतो, आपल्याकडे रक्षण करतो तो बोर्डावरचा एमसीबी. म्हणून टॉप बदलला की फ्यूज गेला, आणि सोळाच्या एमसीबीवर पाऊण स्क्वेअरची बारीक कॉर्ड लावली तर जास्त करंटने कॉर्ड आधी तापेल, एमसीबीला पत्ताही लागणार नाही. तुमची कॉर्ड धडधाकट आणि दीड स्क्वेअरची असेल तर ब्रिटिश टॉप काढून जाणत्या माणसाकडून आपला चांगला १६ चा टॉप बसवून घ्यायला हरकत नाही. माझी फाटलेली होती म्हणून मला तो मार्ग बंद. चपट्या पिनांना चालणारे "युनिव्हर्सल" ॲडॉप्टर मात्र फोनच्या चार्जरपुरतेच ठेवा.

भिंतीकडचं काम मी वाट बघण्याच्या काळातच करून घेतलं होतं. आमचं घर जुनं, कौलारू. माजघरातला पॉइंट दिव्याच्याच लाइनीवर, वायर एक स्क्वेअरची आणि किती वर्षांची कुणास ठाऊक. वायरमन म्हणाला, सॉकेट सोळाचं बदलून देतो. सॉकेट सोळाचं आणि मागची वायर दिव्याची, हे फार घरांत आहे आणि फार वाईट आहे. त्याला मी सांगितलं, भाऊ, मेन बोर्डापासून स्वतंत्र अडीच स्क्वेअरची लाइन ओढ, तिला वेगळा १६ चा एमसीबी. एमसीबी सी प्रकारचा घ्यायचा, बी प्रकारचा मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या झटक्याला विनाकारण पडू शकतो. त्याने मनापासून काम केलं, दुपारचं जेवायलाही थांबला नाही.

अर्थिंग मोजलं तेव्हा खरी स्थिती कळली. मल्टीमीटरवर फेज ते न्यूट्रल २३०, पण फेज ते अर्थिंग नव्वदच्या आसपास आणि तेही वर-खाली होणारं. म्हणजे अर्थिंगची तार कुठे तरी तुटलेली किंवा खड्डा मेलेला. आमची जमीन जांभ्याची. पाणी धरत नाही, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी, आणि कोरड्या जांभ्यातून करंट नीट जात नाही. नवा खड्डा न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्याकडे जातं त्या बाजूला घेतला, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. आता फेज ते अर्थिंग २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन व्होल्टच्या आत. वैशाखात त्या खड्ड्यात चार कळशा पाणी ओतायचं विसरायचं नाही. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतला. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, दोन्ही हवेत.

वायरमनने सवयीने ही नवी लाइन इन्व्हर्टरवर घ्यायला काढली होती, तेही वेळेवर बघितलं. घरगुती इन्व्हर्टर बहुधा ८००-९०० व्हीएचे, म्हणजे वॉटमध्ये त्याहून कमीच, असतात, १४०० वॉटचं यंत्र त्यावर घालायचं नाही.

नवी कॉर्ड लावून ॲम्प्लिफायर सुरू केला तेव्हा स्पीकरमधून बारीक घुं असा आवाज यायचा. डिशची केबल टीव्हीतून ॲम्प्लिफायरला जोडली की यायचा, काढली की बंद. दोन वाटांनी अर्थिंग मिळालं की असं होतं. असा आवाज आला की पुष्कळ लोक टॉपची अर्थिंगची पिनच तोडतात किंवा तार सोडवतात. ते कधीही करू नका. मी टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर आणले, तरी थोडा राहिला, मग टीव्हीपासून ऑप्टिकल केबलने एका छोट्या कन्व्हर्टरमधून आवाज घेतला. तांब्याची जोडणीच सुटली, आवाज गेला.

टीव्ही, सीडी प्लेअर असली किरकोळ मंडळी स्पाइक गार्डवर चालतात, त्यांची बेरीज शंभर-दोनशे वॉटच्या वर जात नाही. ॲम्प्लिफायर मात्र थेट भिंतीला. एक्स्टेन्शन बोर्डाच्या सॉकेटवर काय लिहिलंय हे बघण्याआधी त्याची स्वतःची वायर किती स्क्वेअर आहे ते बघा.

शेजारच्या वाडीतल्या एका बोटीवरच्या मुलाने जपानहून रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर आणलाय, त्याची आई मला विचारायला आली होती. त्याच्या पट्टीवर १०० व्होल्ट. तिथे कॉर्ड बदलून काहीच होत नाही, कमी व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचीही वॉटची मर्यादा यंत्रापेक्षा चांगली वर हवी. त्याच्यासोबत आलेल्या कॉर्डवर १२५ व्ही छापलंय. ती कॉर्ड आपल्या २३० च्या भिंतीला, दुसऱ्या कुठल्याही यंत्रासाठीसुद्धा, लावायची नाही. यंत्राकडचं टोक कॉम्प्युटरच्या कॉर्डसारखंच दिसतं, म्हणून घरातली मुलं अदलाबदल करतात. मी तिला त्या कॉर्डवर लाल चिंधी बांधून ठेवायला सांगितलं.

स्पीकरच्या खोक्यावर जे हजारो वॉट लिहिलेले असतात, पीएमपीओ वगैरे, त्यांचा पॉइंटशी काही संबंध नाही. मागच्या पट्टीवरचाच आकडा धरा.

नवी कॉर्ड लावल्यावर पहिल्या दिवशी तासभर गाणं लावून मग टॉपला हात लावून बघा. गार किंवा किंचित कोमट हवा. गरम लागला, वास आला, सॉकेट कडेने पिवळट पडलं, तर सॉकेट सैल आहे किंवा मागचा स्क्रू ढिला आहे. आमच्या खाऱ्या हवेत पिनांवर थर धरतो तोही कारण असतो. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास मी सगळे टॉप काढून कोरड्या फडक्याने पुसते.

ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारीनंतर सर्व्हिस सेंटरने आधी क्रेडिट नोट देऊ केली. मी ती घेतली नाही, मला त्यांच्याकडून दुसरं काहीही घ्यायचं नव्हतं. चतुर्थीच्या आधी पूर्ण रक्कम खात्यात आली. साहेबांचा फोनही आला, त्यांनी विचारलं कॉर्ड कुठे मिळाली. मी कुडाळचं दुकान सांगितलं, आणि सी-१९ चा भारतीय टॉपचा भाग क्रमांक तुमच्या यादीत घाला, पुढच्या माणसाला तरी द्या, असं स्पष्ट सांगितलं.

आणखी एक राहिलं. लांब कॉर्डचं उरलेलं वेटोळं करून यंत्रामागे दाबून ठेवू नका, वेटोळ्यात उष्णता अडकते. मोकळी सोडा, किंवा मोजून दीड-दोन मीटरचीच घ्या. आणि मृगाच्या आधी, तसंच परतीच्या पावसात, ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण फक्त फेज तोडतं. टॉप भिंतीतून काढा आणि डिशची केबलही काढा.